मुकुट कोणाच्या हातचा? मध्ययुगीन युरोपातले ‘रोमन’ सम्राट
(गणेशोत्सव व्याख्यानमालेतील भाषण)



गणपतीच्या मांडवात रोमचा विषय कशाला, असे दोघातिघांनी मला आधीच विचारून झाले आहे. ग्वाल्हेरकरांना तरी हा विषय परका वाटू नये. महादजी शिंद्यांनी १७८४ मध्ये दिल्लीच्या शाह आलम बादशहाकडून पेशव्यांसाठी वकील-इ-मुतलकी मिळवली. फौज महादजींची, बंदोबस्त महादजींचा, खुद्द बादशहा त्यांच्या आधाराने गादीवर. तरीही फर्मान लागले ते त्याच बादशहाच्या शिक्क्याचे, आणि ते मिरवायला महादजींनी १७९२ मध्ये पुण्यात मोठा समारंभ केला. शिंद्यांच्या नाण्यांवरही नाव दिल्लीच्या बादशहाचेच. ज्याच्या हातात काहीच उरले नाही, त्याच्या नावाला एवढी किंमत का? हा प्रश्न युरोपाला जवळजवळ हजार वर्षे छळत होता. आज बोलायचे आहे ते त्या युरोपाबद्दल, म्हणून महादजींना इथेच मुजरा करून पुढे जातो.

इ.स. ४७६ मध्ये रोमन साम्राज्य बुडाले, असे एक वाक्य आपण शाळेत पाठ केलेले असते. त्या वर्षी घडले ते इतकेच, की ओडोएकर नावाच्या सेनानीने रोम्युलस ऑगस्ट्युलस या पोरवयाच्या सम्राटाला गादीवरून उतरवले. त्याला मारलेसुद्धा नाही, वर्षासन बांधून देऊन दक्षिणेत कॅम्पेनियाला पाठवून दिले. महत्त्वाचे आहे ते त्यानंतरचे. सम्राटपदाची राजचिन्हे कॉन्स्टँटिनोपलला, पूर्वेच्या सम्राट झेनोकडे रवाना झाली. पश्चिमेला आता वेगळा सम्राट नको, असा त्याचा अर्थ. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने साम्राज्य बुडाले नव्हते, दोन गाद्यांची एक झाली होती. ती एक गादी कॉन्स्टँटिनोपलला १४५३ पर्यंत टिकली. आपण त्या लोकांना ‘बायझंटाइन’ म्हणतो, पण हे नाव मागाहून विद्वानांनी दिलेले आहे. ते स्वतःला शेवटपर्यंत रोमनच म्हणवत होते.

पश्चिमेत मात्र पुढे सव्वातीनशे वर्षे कोणी सम्राट नव्हता. गॉथ, लोंबार्ड, फ्रँक असे राजे पुष्कळ होते. रोम शहरात उरला होता तो तिथला बिशप, म्हणजे पोप. आणि या पोपवर एक दिवस असा प्रसंग आला, की त्यातून सगळी पुढची कथा सुरू झाली.

एप्रिल ७९९. पोप लिओ तिसरा मिरवणुकीने चालला असताना त्याच्यावर भर रस्त्यात हल्ला झाला. हल्लेखोर परके नव्हते, आधीच्या पोपच्या नात्यागोत्यातलेच होते. त्याचे डोळे काढण्याचा आणि जीभ कापण्याचा त्यांचा बेत होता. लिओ कसाबसा वाचला आणि आल्प्स ओलांडून पाडरबोर्नला फ्रँकांचा राजा चार्ल्स याच्या आश्रयाला गेला. हाच पुढे शार्लमेन म्हणून प्रसिद्ध झाला. लिओच्या मागोमाग त्याच्यावरचे आरोपही तिथे पोचले: व्यभिचार आणि खोटी शपथ. आता पोपचा न्याय करणार कोण? पृथ्वीवर तसा अधिकार कोणालाच नाही, असे धर्मपंडितांचे म्हणणे. अखेर ८०० सालच्या नोव्हेंबरात चार्ल्स स्वतः रोमला आला. २३ डिसेंबरला लिओने सर्वांसमक्ष शपथ घेतली आणि स्वतःला निर्दोष ठरवून घेतले. दोनच दिवसांनी, नाताळच्या दिवशी, सेंट पीटरच्या चर्चमध्ये चार्ल्स प्रार्थनेसाठी आला असताना त्याच लिओने त्याच्या डोक्यावर मुकुट ठेवला आणि जमलेल्या रोमनांनी ‘सम्राट’ म्हणून जयघोष केला.

चार्ल्सचा चरित्रकार आइनहार्ट त्याच्या दरबारातला माणूस. तो लिहितो, की पोपच्या मनातले आधी कळले असते तर एवढा मोठा सण असूनही मी त्या दिवशी चर्चमध्ये पाऊल टाकले नसते, असे राजा म्हणाला. यावर इतिहासकारांनी ढीगभर कागद खर्ची घातले आहेत. मला विचाराल तर चार्ल्सला सम्राटपद नको होते, हे पटण्यासारखे नाही. एवढा लवाजमा घेऊन तो रोमला काही हवापालटासाठी गेला नव्हता. नको होता तो मुकुट देणारा हात. याला पुरावा त्याच्याच वागण्याचा आहे. ८१३ मध्ये त्याने आपला मुलगा लुई याला सहसम्राट केले ते रोममध्ये नव्हे, तर आखेन या आपल्या राजधानीत. त्या समारंभाला पोप नव्हता. पण मुलगा बापाइतका सावध निघाला नाही. ८१६ मध्ये पोप स्टीफन चौथा मुकुट घेऊन ऱ्हांस शहरी आला आणि लुईने तो मुकाट्याने पुन्हा एकदा डोक्यावर चढवून घेतला. बापाने बुजवलेली वाट मुलाने परत मोकळी केली.

कॉन्स्टँटिनोपलमध्ये काय चालले होते? तिथे ७९७ पासून आयरीनी ही सम्राज्ञी राज्य करीत होती, पोटच्या मुलाचे डोळे काढून. बाई गादीवर आहे, म्हणजे गादी रिकामीच आहे, असा एक युक्तिवाद पश्चिमेतल्या लोकांनी पुढे केला. युक्तिवाद सोयीचा होता, त्यापलीकडे त्यात काही नाही. पूर्वेच्या दरबाराने चार्ल्सला बरीच वर्षे जुमानले नाही. ८१२ मध्ये व्हेनिसच्या प्रश्नावर तडजोड झाली, तेव्हा कुठे त्यांच्या वकिलांनी आखेनला येऊन त्याला ‘सम्राट’ म्हटले. ‘रोमनांचा सम्राट’ मात्र म्हटले नाही, तो शब्द त्यांनी स्वतःकडे राखून ठेवला.

चार्ल्सच्या नातवांनी ८४३ मध्ये राज्य वाटून घेतले. सम्राटपद हळूहळू इटलीतल्या किरकोळ सरदारांच्या हाती गेले आणि ९२४ नंतर तेही संपले. ते पुन्हा उभे केले जर्मनीच्या ऑटो पहिल्याने. मग्यारांना ९५५ मध्ये लेखफेल्डच्या लढाईत मोडून त्याने नाव कमावले होते. २ फेब्रुवारी ९६२ रोजी रोममध्ये पोप जॉन बारावा याने त्याला मुकुट घातला. पुढच्याच वर्षी ऑटोने या जॉनला पदच्युत करवले. म्हणजे एकीकडे पोपशिवाय सम्राट होता येत नाही, आणि दुसरीकडे सम्राटाच्या मर्जीशिवाय पोप टिकत नाही.

ऑटोला आपल्या मुलासाठी पूर्वेच्या राजघराण्यातली सून हवी होती. त्यासाठी ९६८ मध्ये त्याने क्रेमोनाचा बिशप ल्युटप्रांड याला वकील म्हणून कॉन्स्टँटिनोपलला पाठवले. या वकिलाने लिहिलेला अहवाल मिळेल तिथे जरूर वाचा. मध्ययुगातली माणसे पुतळ्यांसारखी ताठ असतात ही समजूत पार जाते. राहायला दिलेले घर ना थंडी अडवते ना ऊन, दारूला राळेचा वास येतो, सम्राट निकेफोरस दिसायला कसा ओंगळ आहे, असे सगळे रडगाणे त्यात आहे. मुद्द्याची गोष्ट म्हणजे निकेफोरस त्याला तोंडावर सुनावतो, की तुम्ही कसले रोमन, तुम्ही तर लोंबार्ड! त्यात भर म्हणजे मध्येच पोपचे पत्र येऊन थडकले. त्यात निकेफोरसला ‘ग्रीकांचा सम्राट’ म्हटले होते. पत्र आणणाऱ्यांची रवानगी थेट तुरुंगात झाली. निघताना बिचाऱ्या ल्युटप्रांडने जांभळे रेशीम खरेदी केले होते, तेही जप्त झाले. असली वस्त्रे फक्त रोमनांना शोभतात, तुमच्यासारख्यांना नाही, हे कारण. एका शब्दावरून, ‘रोमन’ या शब्दावरून, दोन मोठ्या सत्तांचे राजकारण असे अडत होते. सून अखेर चार वर्षांनी, दुसरा सम्राट आल्यावर मिळाली. तिचे नाव थिओफानू.

तिचा मुलगा ऑटो तिसरा १६व्या वर्षी, ९९६ मध्ये, सम्राट झाला. बाप जर्मन, आई ग्रीक, आणि राहायचे होते रोममध्ये. आपल्या मुद्रेवर त्याने ‘रोमनांच्या साम्राज्याचे पुनरुज्जीवन’ असे कोरून घेतले. इ.स. १००० मध्ये त्याने आखेनला जाऊन शार्लमेनचे थडगे उघडवले. पुढच्याच वर्षी खुद्द रोमच्या लोकांनी बंड करून या रोमवेड्या सम्राटाला शहराबाहेर घालवले. १००२ च्या जानेवारीत तो वारला, वय अवघे २१. त्याची एक गोष्ट विसरली जाते. सम्राट कॉन्स्टँटाइनने पश्चिमेचे राज्य पोपला दान केले, असे सांगणारा एक दस्तऐवज चर्चजवळ होता. हा कागद बनावट आहे, असे ऑटोने १००१ मध्ये चक्क आपल्या सनदेत लिहिले. लोरेन्झो वाल्ला या इटालियन पंडिताने लॅटिनच्या शब्दांवरून तो खोटा ठरवला तो १४४० मध्ये. कागद खरोखर आठव्या शतकातला, म्हणजे कॉन्स्टँटाइननंतर चारशे वर्षांनी रचलेला होता. खोट्या सनदा आपल्याकडेही दफ्तरांत पुष्कळ सापडतात, पण अर्धे युरोप नावावर करून घेणारी ही एकच.

कॅनोसाची गोष्ट बहुतेकांनी ऐकलेली असेल, म्हणून थोडक्यात सांगतो. बिशपांच्या नेमणुका कोणी करायच्या, या वादात पोप ग्रेगरी सातवा याने हेन्री चौथा या राजाला बहिष्कृत केले. बहिष्कृत राजाची शपथ सरदारांवर बंधनकारक राहत नाही, ही त्यातली मेख. जानेवारी १०७७ मध्ये हेन्री कॅनोसाच्या किल्ल्याबाहेर, बर्फात, अनवाणी, तीन दिवस उभा राहिला. राजाची मानहानी म्हणून हे चित्र रंगवतात. पण पश्चात्ताप करणाऱ्याला पुरोहित माफी नाकारू शकत नाही, हे हेन्रीला पक्के ठाऊक होते. तीन दिवसांच्या थंडीत त्याने आपले राज्य परत मिळवले. पुढे १०८४ मध्ये त्याने स्वतः नेमलेल्या पोपच्या हातून सम्राटपद घेतले, आणि ग्रेगरी परागंदा होऊन सालेर्नोत वारला.

माझ्या मते या सगळ्या वादाचे मर्म कॅनोसात नाही. ते त्यानंतर ८० वर्षांनी बेझाँसाँ येथे भरलेल्या दरबारात आहे, आणि ते एका शब्दाच्या भाषांतरात आहे. इथे जरा थांबू.

सम्राट होता फ्रीडरिक पहिला, तांबूस दाढीमुळे इटालियन लोक ज्याला बार्बारोसा म्हणत. जून ११५५ मध्ये तो मुकुटासाठी रोमला गेला, तेव्हा शहराजवळ त्याला रोमच्या नागरिकांचे शिष्टमंडळ भेटले. रोममध्ये नुकतीच जुन्या पद्धतीची सिनेट पुन्हा सुरू झाली होती. त्यांचे म्हणणे असे, की सम्राट करण्याचा हक्क पोपचा नव्हे, आम्हा रोमन जनतेचा. तो आम्ही तुम्हाला देतो, आणि त्याबद्दल ५,००० पौंड द्या! फ्रीडरिकने त्यांना झाडले, की तुमची ती जुनी रोम, ती सिनेट, ते शौर्य सगळे आता आमच्याकडे जर्मनांकडे आहे, ते आम्ही तलवारीने मिळवले. मुकुट त्याने पोप एड्रियन चौथा याच्याकडून घेतला. त्याच दिवशी रोमनांनी त्याच्या छावणीवर हल्ला केला. मुकुटाचे मालक आता तीन झाले होते: पोप, रोमची जनता आणि तलवार.

दोन वर्षांनी, ११५७ मध्ये, बेझाँसाँच्या दरबारात पोपचे दूत एक पत्र घेऊन आले. पत्रात पोपने लिहिले होते, की आम्ही तुला साम्राज्याचा मुकुट दिला, आणि याहून मोठी ‘बेनेफिकिआ’ दिली असती तरी आनंदच वाटला असता. आता या लॅटिन शब्दाचे दोन अर्थ होतात. एक म्हणजे उपकार, भले केलेले काम. दुसरा, त्या काळच्या व्यवहारातला, म्हणजे धन्याने चाकराला लावून दिलेली जहागीर. मराठी माणसाला हे लगेच कळेल, कारण आपल्या ‘इनाम’ या शब्दात अगदी तीच गंमत आहे. इनाम म्हणजे बक्षीस, आणि इनाम म्हणजे सरकारने दिलेली जमीन. पहिल्याने माणूस खूश होतो. दुसऱ्याने तो देणाऱ्याचा ताबेदार होतो.

दरबारातल्या सरदारांना लॅटिन येत नव्हते. पत्राचे जर्मन भाषांतर करून सांगायचे काम फ्रीडरिकचा मंत्री राइनाल्ड याच्याकडे होते, आणि त्याने शब्द निवडला तो जहागीर. दरबार खवळला. लॅटरनच्या राजवाड्यात एक चित्र आहे, त्यात पूर्वीचा सम्राट लोथर हा पोपचा चाकर म्हणून मुकुट घेताना दाखवला आहे, हेही लोकांच्या कानावर होते. गलक्यात पोपच्या दूतांपैकी रोलांड याने उलट विचारले म्हणतात, की साम्राज्य पोपकडून नाही तर मग कोणाकडून मिळाले आहे? ते ऐकून ऑटो व्हिटेल्सबाख हा सरदार तलवार उपसून धावला, फ्रीडरिकने स्वतः मध्ये पडून त्याला आवरले. पुढे पोपला खुलासा पाठवावा लागला, की आम्हाला ‘भले काम’ एवढाच अर्थ अभिप्रेत होता. राइनाल्डने चूक केली की मुद्दाम केले? तो चांगला शिकलेला माणूस होता. मला तरी ते मुद्दाम वाटते. पोपच्या दरबारानेही तो शब्द अगदी निरागसपणे घातला असेल, यावर माझा विश्वास नाही.

पोपकडून नाही, रोमच्या जनतेकडूनही नाही, तर मग अधिकार कोठून आणायचा? फ्रीडरिकला उत्तर सापडले बोलोन्यात. तिथे गेल्या दोन पिढ्या जस्टिनियन सम्राटाच्या सहाव्या शतकातल्या कायदेसंग्रहाचे अध्ययन नव्याने सुरू झाले होते. त्या ग्रंथांत सम्राट आहे आणि त्याचे हक्क आहेत, पण त्याचा मुकुट पोपच्या देण्यावर अवलंबून नाही. फ्रीडरिकने या शास्त्र्यांना जवळ केले. दूरदेशी शिकायला जाणाऱ्या विद्यार्थ्यांना त्याने एक सनद दिली, की त्यांना वाटेत कोणी त्रास देऊ नये आणि त्यांच्या देशबांधवांचे कर्ज त्यांच्याकडून वसूल करू नये. युरोपातल्या विद्यापीठांच्या हक्कांची ती मुळाशी असलेली सनद आहे. ११५८ मध्ये रोन्काल्याच्या मैदानात त्याने इटलीतल्या शहरांना बोलावले. बुल्गारुस, मार्टिनुस, याकोबुस आणि हुगो या बोलोन्याच्या चार पंडितांच्या सल्ल्याने तिथे जकाती, टांकसाळी, नदीघाट, न्यायाधीशांच्या नेमणुका हे सारे सम्राटाचे हक्क ठरले.

याच पंडितांची एक दंतकथा आहे, ती नावे बदलूनही सांगतात. सम्राट घोड्यावरून जाताना दोघांना विचारतो, की मी जगाचा धनी आहे का? मार्टिनुस म्हणतो, आहात. बुल्गारुस म्हणतो, लोकांच्या मालमत्तेचे धनी नाही. सम्राट उतरून आपला घोडा मार्टिनुसला बक्षीस देतो. बुल्गारुस म्हणे एवढेच म्हणाला, की न्याय बोललो म्हणून घोडा गेला. लॅटिनमध्ये ‘घोडा’ आणि ‘न्याय्य’ या शब्दांत एका अक्षराचा फरक आहे, तो विनोद मराठीत आणता येत नाही. गोष्ट खरी नसेल, पण रचणाऱ्याला नेमके कळले होते. सम्राटाचे हक्क शोधायला उघडलेल्या पुस्तकात प्रजेचे हक्कही निघत होते.

इटलीतल्या शहरांनी रोन्काल्याचे निर्णय मानले नाहीत. फ्रीडरिकने ११६२ मध्ये मिलान जमीनदोस्त केले. शहरांनी संघ केला, मिलान पुन्हा बांधले, आणि २९ मे ११७६ रोजी लेन्यानोला त्याचा पराभव केला. पुढच्या वर्षी व्हेनिसमध्ये, सेंट मार्कच्या चर्चसमोर, फ्रीडरिक पोप अलेक्झांडर तिसरा याच्या पायांवर वाकला. हा अलेक्झांडर म्हणजे पूर्वाश्रमीचा रोलांड, बेझाँसाँच्या दरबारात तो प्रश्न विचारणारा. त्या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशीही मिळाले नाही. फ्रीडरिक सम्राटच राहिला, पोप पोपच राहिला, आणि ११८३ च्या तहाने शहरांनी आपला कारभार आपल्याकडे ठेवला.

त्याचा नातू फ्रीडरिक दुसरा याने १२३१ पासून सोन्याची नाणी पाडली. त्यांवर तो थेट सीझरसारखा, डोक्याला पाने बांधलेला दिसतो. त्याच्यावर स्वतंत्र व्याख्यान व्हावे, इतका तो विलक्षण माणूस आहे. १२४५ मध्ये पोपने त्यालाही पदच्युत जाहीर केले.

अखेर जर्मन सरदारांनी या भांडणाला बगल दिली. १३५६ च्या ‘सुवर्णमुद्रांकित’ सनदेने ठरले, की राजा निवडणार सात जण: माइन्झ, ट्रीर व कोलोन येथील आर्चबिशप, बोहेमियाचा राजा, ऱ्हाइनचा पॅलेटिन, सॅक्सनीचा ड्यूक आणि ब्रांडेनबुर्गचा मार्कग्राफ. ३० दिवसांत निवड झाली नाही तर या सातांना फक्त पाव आणि पाणी द्यायचे. आपल्या संस्थांच्या निवडणुकांना हे कलम लावून पाहावे, असे मला बरेचदा वाटते. आणि पोपच्या संमतीचे काय? सनदेत त्याबद्दल एक अक्षर नाही. विरोध करण्यापेक्षा न लिहिणे त्यांना सोयीचे वाटले. १५०८ मध्ये मॅक्सिमिलियन रोमला न जाताच ‘निवडलेला रोमन सम्राट’ म्हणवू लागला, पोपच्या हातून शेवटचा मुकुट १५३० मध्ये चार्ल्स पाचवा याला मिळाला, तोही रोममध्ये नव्हे, बोलोन्यात.

६ ऑगस्ट १८०६ रोजी फ्रान्सिस दुसरा याने, नेपोलियनच्या धाकाने, हे पद विसर्जित केले. मुकुट आजही व्हिएन्नाला काचेच्या पेटीत आहे, अष्टकोनी आणि रत्नजडित. सम्राटपद गेले, पण बोलोन्याच्या वर्गांतून निघालेला रोमन कायदा राहिला. १ जानेवारी १९०० रोजी नवी नागरी संहिता लागू होईपर्यंत जर्मनीच्या बऱ्याच भागांत न्यायालये त्याच्याच आधारे निकाल देत होती.

सीझर हे नावही राहिले. जर्मनांचा कैसर आणि रशियाचा झार ही त्याचीच रूपे. १८७७ च्या १ जानेवारीला दिल्लीच्या दरबारात राणी व्हिक्टोरियाची ‘भारताची सम्राज्ञी’ म्हणून द्वाही फिरली, तेव्हा इथल्या भाषांसाठी पदवी निवडली गेली ती ‘कैसर-इ-हिंद’. शाह आलमच्या वंशजाला रंगूनला पाठवून वीस वर्षेही झाली नव्हती. घरी आजोबांच्या पेटीत १९४७ सालचा रुपया असेल तर काढून पाहा. ‘जॉर्ज सहावा, राजा व सम्राट’ अशी त्यावर इंग्रजी अक्षरे आहेत. ती पदवी त्याने सोडल्याचे जाहीर झाले २२ जून १९४८ रोजी, स्वातंत्र्यानंतर दहा महिन्यांनी.